जनावरांची डॉक्टर व्हायचंय? तयारी अकरावीच्या फॉर्मपासून

मागच्या भागात आपण बकरीच्या विम्यावर बोललो. त्यानंतर गटांच्या बैठकांना गेलो, तर विम्याचं राहिलं बाजूला, चार ठिकाणी आम्हाला एकच प्रश्न विचारला गेला. "ताई, माझी पोरगी दहावीला आहे. ती म्हणते मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. नर्सिंगसारखा तसला काही कोर्स असतो का?"

तर मैत्रिणींनो, हा कोर्स नाही, ही पदवी आहे. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. असं तिचं लांबलचक नाव आहे. पशुवैद्यक आणि पशुसंवर्धन या दोन्हींची मिळून ही पदवी. साडेचार वर्षं अभ्यास, मग एक वर्ष दवाखान्यात आणि गोठ्यांवर प्रत्यक्ष काम, त्याला इंटर्नशिप म्हणतात. एकूण साडेपाच वर्षं. तेवढं झालं की राज्याच्या पशुवैद्यक परिषदेत नाव नोंदवायचं, आणि मग नावापुढे डॉक्टर. माणसांच्या डॉक्टरला लागतात तेवढीच ही वर्षं आहेत. प्रवेशपरीक्षाही तीच, नीट. ऐकल्यावर पुष्कळ जणींचे चेहरे पडतात, ते आम्ही पाहिलेत. पण थांबा, घाबरण्याआधी सगळं ऐकून घ्या.

आधी एक गोष्ट सांगतो. भिवंडी म्हटलं की लोकांना माग आठवतात, गोदामं आठवतात, रस्त्यावरचे ट्रक आठवतात. इथे जनावरं आहेत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पण पडघ्याकडे जा, अनगावकडे जा, वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या वाटेला लागा. घरामागे दोन म्हशी, चार बकऱ्या, कोंबड्या असतातच. शहराच्या कडेला तबेले आहेत. आमच्या गटांची कर्जवही उघडली की शिलाई मशीनच्या खालोखाल बकरीचं कर्ज दिसतं. बकरी ईदेला बोकड विकून हप्ते फेडायचे, हा कितीतरी घरांचा हिशोब असतो. ईदेच्या महिनाभर आधी बोकड पडला, तर कर्ज तसंच राहतं आणि वर खड्डा खणायची मजुरी.

आणि या जनावरांचं करतं कोण? शेण काढणं, चारा घालणं, धार काढणं, व्यायला आलेल्या म्हशीजवळ रात्रभर बसणं, हे सगळं बायका आणि मुली करतात. बकरी आज रवंथ करत नाही, कान पडलेत, हे पहिल्यांदा घरातल्या पोरीला दिसतं. औषधाची पेटी घेऊन येतो मात्र बाहेरचा माणूस, तोही आला तर. म्हणून एखादी मुलगी म्हणाली की मला हे शिकायचंय, तर तिचं बोलणं हसण्यावारी नेऊ नये, असं आम्हाला वाटतं. तिच्या शिक्षणाचा निम्मा श्रीगणेशा गोठ्यातच झालेला असतो.

आता मुद्द्याचं. हे दार बारावीनंतर उघडतं असं सगळे समजतात. खरं तर ते दहावीच्या निकालानंतरच्या पंधरा दिवसांत उघडतं किंवा बंद होतं. अकरावीला विज्ञान शाखा हवी, आणि त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. जीवशास्त्र सोडून नुसतं गणित घेतलं, तर दार बंद. वाणिज्य घेतलं, "मग बघू पुढे" म्हणालात, तरी बंद. हे लिहून ठेवा आणि ज्या घरात दहावीची मुलगी आहे त्या घरात सांगा. गणिताचं विचाराल तर, जमत असेल तर जीवशास्त्राबरोबर तेही ठेवावं, दुसरे रस्ते मोकळे राहतात. पण गणिताची भीती असेल तर त्याच्यासाठी विज्ञान सोडू नका.

बारावीला या चार विषयांत मिळून ५० टक्के तरी लागतात, राखीव प्रवर्गाला थोडी सूट आहे. वर्षअखेर, म्हणजे ३१ डिसेंबरला, वय १७ पूर्ण हवं. पण प्रवेशाची यादी बारावीच्या गुणांवर लागत नाही, नीटच्या गुणांवर लागते. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, वेळ तीन तास. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक गुण कापतात. आणि हे नीट ऐका: १८० पैकी ९० प्रश्न एकट्या जीवशास्त्राचे. म्हणजे निम्मा पेपर. आपल्या मुली जीवशास्त्र मन लावून करतात आणि भौतिकशास्त्राला भितात, असं शिकवणारे सांगतात. तर भीती राहू दे, पण निम्मा पेपर आपल्या बाजूचा आहे हे तिला माहीत असू दे.

पेपर मराठीतूनही मिळतो. फॉर्म भरताना भाषा निवडावी लागते. मराठी निवडलं की पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, पण भाषांतरात काही घोळ वाटला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. मराठी शाळेतल्या मुलीने मराठी निवडायला काहीच हरकत नाही. मात्र पुढे कॉलेजात शिकवणं इंग्रजीतून असतं, म्हणून अकरावीपासूनच प्रत्येक शब्द दोन्ही भाषांत पाठ करायची सवय लावावी. वहीच्या पानाला मधोमध रेघ मारायची. डावीकडे यकृत, उजवीकडे लिव्हर. डावीकडे गर्भाशय, उजवीकडे युटरस. दोन वर्षांत अशी एक जाड वही झाली की कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती मुलगी गांगरत नाही.

दुसरं, राज्य मंडळाची पुस्तकं वेगळी आणि नीटचे प्रश्न ज्यावरून येतात ती एनसीईआरटीची वेगळी. बारावीसाठी राज्य मंडळाचं वाचायचं, नीटसाठी एनसीईआरटीचं जीवशास्त्र ओळ न् ओळ वाचायचं. ही पुस्तकं महाग नाहीत, जुनी तर अजून स्वस्त मिळतात.

आता क्लासचं बोलू, कारण कर्जाचा अर्ज तिथूनच येतो. नीटच्या क्लासची फी ऐकून आम्हालाच घाम फुटतो. एका क्लासवाल्याने आमच्या गटातल्या एका ताईंना सांगितलं, आत्ता सगळे पैसे भरा, सीटची हमी आमची. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. नीटची यादी गुणांवर लागते, क्लासच्या पावतीवर नाही. आमचं स्पष्ट मत आहे, क्लाससाठी गटाचं मोठं कर्ज काढू नका. ते कर्ज पुढे वसतिगृहासाठी, मेससाठी, पुस्तकांसाठी लागणार आहे. इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरची महाज्योती ही शासकीय संस्था नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि इंटरनेटचा डेटा देते. त्याचा अर्ज दहावीनंतर, विज्ञान शाखेत प्रवेश घेतल्यावर करायचा असतो. ती वेळ गेली की गेली. म्हणूनच म्हटलं, दहावीचा निकाल लागला की जागं व्हायचं.

आता ही कॉलेजं कुठे आहेत? महाराष्ट्रात या शिक्षणाचं एक वेगळं विद्यापीठ आहे, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, मुख्यालय नागपूर, स्थापना २०००. त्याची पशुवैद्यकीय महाविद्यालयं मुंबईत परळला, नागपूरला, परभणीला, लातूर जिल्ह्यात उदगीरला आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला आहेत. अकोल्यालाही संस्था आहे.

यातलं परळचं आपल्याला सगळ्यात जवळचं, आणि सगळ्यात जुनंही. १८८६ साली सुरू झालं. त्याच्या आधी परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं होतं, ते दिनशा पेटिट यांनी पत्नीच्या नावाने बांधलेलं बाई साकरबाई इस्पितळ. त्याच आवारात कॉलेज निघालं. म्हणजे मुंबईत जनावरांच्या डॉक्टरकीची सुरुवात ज्या दवाखान्यातून झाली, त्याच्या पाटीवर एका बाईचं नाव होतं. शिकायला मात्र बायका कितीतरी उशिरा पोचल्या. अमृता पटेल याच मुंबईच्या कॉलेजातून शिकल्या, आणंदला दुधाच्या कामात रुजू झाल्या आणि १९९८ ते २०१४ अशी सोळा वर्षं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या अध्यक्ष होत्या. आपल्या दारात येणाऱ्या पिशवीतल्या दुधामागे जी सहकाराची व्यवस्था आहे, तिचा कारभार सोळा वर्षं एका पशुवैद्य बाईने पाहिला. घरातल्या आजोबांनी "हे काय बाईमाणसाचं काम आहे का" म्हटलं, तर हे सांगायला बरं पडतं.

भिवंडीहून परळ म्हणजे रिक्षा किंवा बसने कल्याण नाहीतर ठाणे, आणि तिथून मध्य रेल्वेची लोकल. रोज येऊन-जाऊन होईल असं वाटतं, पण प्रॅक्टिकल सकाळी लवकर असतात, आजारी जनावर घड्याळ बघत नाही. वसतिगृह मिळालं तर घ्यावं. आणि इथे आयांना हात जोडून एक विनंती. महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना फक्त परळ लिहून मोकळं होऊ नका. परळला गुण जास्त लागतात. उदगीर लांब, परभणी लांब, हे आम्हाला कळतं. पण पदवी एकच, परीक्षा एकच, नोंदणीही एकच. आपण पोरीला अठराव्या वर्षी लग्न करून उदगीरपेक्षा लांब पाठवतो, तेव्हा अंतर मोजत नाही. सगळी नावं भरा. जागा मिळाल्यावर नको म्हणता येतं, न भरलेली जागा मिळत नाही.

सगळ्यात जास्त मुली कुठे अडकतात ते आता सांगतो. अभ्यासात नाही, अर्जात. नीट दिली, गुण आले, घरात पेढे वाटले, आणि मग कळलं की पशुवैद्यकाचा अर्ज वेगळा होता. नीट ही फक्त परीक्षा आहे, तिचा निकाल म्हणजे प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरायचा असतो. शिवाय एकूण जागांपैकी १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद देशपातळीवर भरते, त्याची नोंदणी आणखी वेगळी. एम.बी.बी.एस.ची यादी तिसरीकडेच लागते. तीन ठिकाणं, तीन वेगवेगळ्या तारखा. निकालानंतरचे दोन महिने घरातल्या एका माणसाने रोज संकेतस्थळ बघायचं, एवढं काम वाटून घ्या. मोबाइलवर आलेल्या निरोपांवर विसंबू नका.

आणि कागद. अरे देवा, कागद! अधिवासाचा दाखला लागतो, त्याला महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमी लेयर, उत्पन्नाचा दाखला. यातलं जात वैधता प्रमाणपत्र सगळ्यात वेळखाऊ. अकरावी-बारावी विज्ञानाची मुलं त्याचा अर्ज कॉलेजमार्फत करू शकतात, तो अकरावीतच करून टाकायचा. जातीचा दाखला काढताना जुना पुरावा मागतात. इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. आमच्या आगरी आणि वारली मैत्रिणींना आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुना सातबारा गावातच सापडतो. पण मागावर काम करायला ज्यांची घरं उत्तर प्रदेशातून किंवा तेलंगणातून आली, त्यांना तो पुरावा शोधायला महिने लागतात. आजोबा इथल्या कुठल्या शाळेत होते, पणजोबांचं नाव जन्म-मृत्यूच्या नोंदीत कसं लिहिलंय, स्पेलिंग जुळतं का, हे सगळं मुलगी अकरावीत असताना शोधायचं. जून महिन्यात सेतूच्या रांगेत उभं राहून हे होत नाही.

फीबद्दल एक चांगली बातमी. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पशुसंवर्धन विभागाखालचं शिक्षणही त्यात आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना आधीपासून आहेतच. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. मात्र राहणं, खाणं, पुस्तकं, पांढरा कोट, गमबूट हा खर्च आपल्याच खिशातला. गटाची बचत आणि कर्ज त्यासाठी राखून ठेवा म्हणतो ते एवढ्यासाठीच.

अभ्यास आणि कागद झाले. पण आमच्या मते खरी तयारी तिसरीच आहे, आणि ती फुकट आहे. मुलीने हे काम जवळून बघावं. कुत्र्याचं गोजिरवाणं पिल्लू बघून डॉक्टर व्हावंसं वाटणं वेगळं, आणि मेलेलं वासरू म्हशीच्या पोटातून ओढून काढताना बघणं वेगळं. आपल्या भागात जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तिथल्या डॉक्टरांना विचारून सुट्टीत आठवडाभर जाऊन उभं राहावं. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याची लस देतात, बकऱ्यांना आंत्रविषाराची देतात, लाळ्या-खुरकुताची मोहीम असते. तेव्हा माणसं कमी पडतात. नोंदी लिहायला, कानातल्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर वाचून सांगायला मुलगी असेल तर नाही कोण म्हणेल? उमेद अभियानातल्या पशुसखी काही गावांत आहेत, त्यांच्याबरोबर फिरता येतं. आमच्या गटातल्या दोन मैत्रिणींच्या मुली अशाच एका लसीकरणाला गेल्या. एक दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. दुसरी म्हणाली, मला रक्त-पू बघवत नाही, मला प्रयोगशाळेचं काम आवडेल. तिचंही बरोबर. दोन वर्षं घालवून हे कळण्यापेक्षा दोन दिवसांत कळलं.

जाताना काय बघायचं? जनावराला खोड्यात कसं घेतात ते बघावं. मोठ्या म्हशीला आवरायला ताकद लागते, हे मुलींना घाबरवायला सांगितलं जातं. पण खोडा, दोरीची योग्य गाठ आणि जनावराशी बोलायची रीत यांनी काम होतं. पैलवानालाही म्हैस नुसत्या दंडाने आवरत नाही. ताप कसा बघतात ते बघावं. माणसाला १०१ म्हणजे ताप, गाईला १०१ हे रोजचंच. डॉक्टर पोटाला कान लावून काय ऐकतात, शेण कशासाठी न्याहाळतात, हे विचारावं. आणि एक खबरदारी सक्त: गाभडलेल्या जनावराला, पडलेल्या वाराला उघड्या हाताने शिवायचं नाही. त्यातून माणसालाही आजार होतो. हातमोजे, आणि घरी आल्यावर साबण. कुत्रं चावलं, ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच लस. हे तर सगळ्यांनीच पाळायचं.

२०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गोठ्यागोठ्यातून लस टोचत फिरणारे डॉक्टर आपण पाहिले. आज १९६२ नंबरला फोन केला की फिरता दवाखाना येतो, त्या गाडीतही डॉक्टर लागतो. पशुधन विकास अधिकारी हे सरकारी पद आहे, लोकसेवा आयोगाकडून भरतात. त्याशिवाय दूध संघ, कोंबड्यांच्या कंपन्या, औषध कंपन्या, शहरातले कुत्र्या-मांजरांचे दवाखाने. काम नाही असं होत नाही.

आता दोन प्रश्न राहिले, ते पत्रांतून आलेत. एकीने विचारलंय, मुलगी बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिथून पुढे जनावरांची डॉक्टर होता येईल का? थेट नाही. प्राणिशास्त्राची पदवी वेगळी, पशुवैद्यकाची वेगळी. पुढची एम.व्ही.एस्सी. करायलाही आधी बी.व्ही.एस्सी. लागते. तिला नीट देऊन पहिल्या वर्षापासूनच यावं लागेल. ते करायचं की प्राणिशास्त्रातच पुढे जायचं, हे घरात बसून ठरवावं. त्यात कमीपणा कसला.

दुसरीने विचारलंय, नीट जमलीच नाही तर? दहावीनंतरचे पशुसंवर्धनाचे पदविका अभ्यासक्रम आहेत, त्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्राथमिक काम करता येतं. दुग्धतंत्रज्ञान आणि मत्स्यविज्ञान याच विद्यापीठात आहेत. पण पदविका घेऊन गावात "डॉक्टर" म्हणून पाटी लावता येत नाही. १९८४ च्या कायद्याप्रमाणे ती पाटी नोंदणी झालेल्या पदवीधराचीच. आणि कुणी एजंट घरी येऊन म्हणाला, कमी गुण असले तरी कुठल्यातरी कॉलेजात बसवतो, तर त्याला एकच विचारा: त्या कॉलेजला भारतीय पशुवैद्यक परिषदेची मान्यता आहे का, कागद दाखव. बहुतेक चहा न पिताच जातो.

दहावी-अकरावीच्या मुलींची नावं गटाच्या सचिवांकडे द्या. शनिवारच्या बैठकीला येताना आजोबांचा शाळेचा दाखला, रेशनकार्ड आणि वीजबिल यांच्या झेरॉक्स आणा. मूळ कागद घरीच ठेवा.